रोजच्या वापरासाठी छोटी स्पोर्टी हॅचबॅक: निवडायची कशी?

स्पोर्टी गाडी पहिल्यांदाच घ्यायला निघालेला माणूस एकच प्रश्न घेऊन येतो: शून्य ते शंभर किती सेकंदांत? विचारायला मजा येते आणि मित्रांना सांगायलाही बरं वाटतं. पण पाय पूर्ण दाबून शून्यावरून शंभरला तुम्ही जाणार किती वेळा? महिन्यातून एखाद्या वेळी, तेही रस्ता मोकळा मिळाला तर. बाकीचा सगळा काळ ही गाडी सिग्नलला थांबलेली असेल, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत असेल, नाहीतर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मागेपुढे करत असेल.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ताशी पन्नासच्या वेगात जिच्यात मजा येते, ती गाडी घ्या. दीडशेला गेल्यावरच जी खुलते, ती मित्राला घेऊ द्या आणि अधूनमधून त्याच्याकडून मागून घेऊन चालवा.

'स्पोर्टी' म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा

हा प्रकार तसा जुना आहे. १९६१ साली मिनी कूपर आली. त्या चिमुकल्या गाडीने पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ या तीन वर्षी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय दाखवली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस (म्हणजे जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर) ताकद आणि वजन जेमतेम आठशे किलोच्या वर. सोमवार ते शुक्रवार कामावर न्यायची आणि रविवारी वळणावळणाच्या रस्त्यावर फिरवायची, असा एकाच गाडीचा दुहेरी उपयोग तिने रुजवला. १९८४ची प्यूजो २०५ जीटीआय त्याच वाटेवरची.

आज शोरूममध्ये किंवा वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात 'स्पोर्टी' म्हणून जे उभं असतं, त्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला नुसत्या कपड्यांचा: मागे स्पॉयलर, सीटला लाल शिलाई, मोठी चाकं, नावापुढे 'लाइन' असा काहीतरी शब्द. बॉनेटखाली मात्र साध्या गाडीचंच इंजिन. ह्युंदाईची 'एन लाइन' आणि नुसती 'एन' यांतला फरक कित्येकांना गाडी घरी आल्यावर कळतो. युरोपात विकल्या गेलेल्या आय२० एनमध्ये १.६ लिटरचं २०४ पीएसचं टर्बो इंजिन (जास्तीची हवा आत कोंबून ताकद वाढवणारं) होतं, तर एन लाइनमध्ये एक लिटरचं छोटं इंजिन. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी.

दुसरा प्रकार 'वॉर्म हॅच'. साधारण ११० ते १४० पीएस, वजन एक टनाच्या आसपास, सस्पेन्शन थोडं आवळलेलं. फोक्सवॅगन अप जीटीआय (११५ पीएस) आणि सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट या त्यातल्या. तिसरा प्रकार खरीखुरी 'हॉट हॅच': दोनशे पीएस आणि त्याहून वर. फोर्ड फिएस्टा एसटी, पोलो जीटीआय, टोयोटा जीआर यारिस.

पहिल्यांदा घेत असाल आणि घरात हीच एक गाडी असणार असेल, तर मधल्या प्रकारापासून शोध सुरू करा. कपड्यांच्या प्रकाराला मी नावं ठेवणार नाही. फक्त दिसणंच आवडत असेल तर तो सगळ्यात स्वस्तातला आनंद आहे. आपण काय विकत घेतोय याची जाणीव असली म्हणजे झालं.

पहिली पायरी: आपला आठवडा कागदावर मांडा

हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. मागच्या सात दिवसांत गाडी कुठे कुठे नेली, ते लिहून काढा. किती किलोमीटर, किती वेळ, गाडीत किती माणसं, सामान काय, रस्ता कसा, उभी कुठे केली. मग प्रत्येक फेरीपुढे एक प्रश्न: इथे स्पोर्टी गाडी असती तर सोपं गेलं असतं की अवघड?

चार-पाच फेऱ्यांपुढे 'अवघड' लिहिलं गेलं तर थांबा. ज्येष्ठांना रोज उतरवायचं असेल तर तीन दारांची, खाली बसलेली गाडी दोन्ही बाजूंनी त्रासाची होते. सगळ्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या असतील तर टर्बो इंजिन धड गरमच होणार नाही. त्याचं काय होतं, ते खाली येईल.

दुसरी पायरी: गाडी सुरू न करता अर्धा तास बसा

शोरूममधला माणूस लगेच चावी पुढे करतो. घेऊ नका. आधी नुसते बसा.

स्पोर्टी सीटला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात. वळणावर त्या तुम्हाला धरून ठेवतात, पण दिवसातून आठ वेळा चढ-उतर करणाऱ्याच्या मांडीला त्याच कडा बोचतात. पहिल्या पाच मिनिटांत हे कळत नाही, विसाव्या मिनिटाला कळतं. मी एकदा दहा मिनिटांच्या चक्करवर भाळून गाडी घेतली होती. महिन्याभरात उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला कायमची ठणक बसली. सीट उत्तमच होती, फक्त माझ्या मापाची नव्हती.

बसल्यावर एवढं तपासा: क्लच पूर्ण दाबला असताना गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या भागाला घासतो का? पाठ सीटला टेकलेली ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का? मागची काच आरशात किती दिसते? जाड खांब आणि उतरत्या छतामुळे मागचं नीट न दिसणं हा या गाड्यांचा जुनाच रोग आहे. मग मागच्या सीटवर बसा, ड्रायव्हरची सीट तुमच्याच मापाला लावलेली असताना. नंतर डिकी उघडा आणि तळाची पाटी उचला. स्टेपनी आहे, की नुसती पंक्चरची बाटली आणि छोटा पंप? हा प्रश्न लक्षात ठेवा, टायरच्या भागात त्याच्याकडे परत येऊ.

तिसरी पायरी: आकडे वाचायला शिका

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात ताकद लिहिलेली असते. रोजच्या गाडीसाठी तिच्याइतकेच महत्त्वाचे आणखी दोन आकडे आहेत: वजन आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ. टॉर्क किती हे एकट्याने पुरत नाही, तो कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो तेही बघावं लागतं.

आधी वजन. ताकदीला टनाने भागा. पहिल्या गोल्फ जीटीआयचे ११० पीएस आणि ८१० किलो, म्हणजे टनामागे सुमारे १३५ पीएस. २०१७च्या स्विफ्ट स्पोर्टचे १४० पीएस आणि साधारण ९७५ किलो, म्हणजे १४३. आय२० एन १७०च्या आसपास, जीआर यारिस दोनशेच्या वर. आता स्विफ्टमध्ये चार माणसं बसवा, म्हणजे अंदाजे तीनशे किलो वाढवा. टनामागे ११० वर आली. छोट्या गाडीत माणसांचं वजन असं पटकन जाणवतं. टेस्ट ड्राइव्हला एकटे गेलात तर हे कळणारच नाही, म्हणून घरच्यांना बरोबर न्या.

वजनाचा आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही. हलकी गाडी ब्रेक कमी झिजवते, टायर कमी खाते, पेट्रोल कमी पिते, आणि वळायला लावण्यासाठी तिच्याशी झटापट करावी लागत नाही. ताकद नंतर वाढवता येते, तीही थोडी. पण कंपनीतून जाड होऊन आलेली गाडी कुणालाच बारीक करता येत नाही.

आता टॉर्क. यासाठी एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी ठेवू. आधीच्या पिढीच्या स्विफ्ट स्पोर्टमध्ये १.६ लिटरचं बिनटर्बो इंजिन होतं: १३६ पीएस ६,९०० आरपीएमला आणि १६० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) टॉर्क ४,४०० आरपीएमला. नंतरच्या पिढीत १.४ लिटरचं टर्बो आलं: १४० पीएस ५,५०० आरपीएमला आणि २३० एनएम २,५०० आरपीएमला. ताकदीत फरक चार पीएसचा. नुसतं पत्रक वाचणारा म्हणेल, दोन्ही सारख्याच.

थोडं गणित करू. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२३ने भागलं की त्या क्षणी मिळणारे पीएस निघतात. टर्बोवाली २,५०० आरपीएमला सुमारे ८२ पीएस देते. जुनीचा सर्वोच्च टॉर्कच १६० असल्याने त्याच आरपीएमला ती ५७च्या वर जाऊच शकत नाही. गर्दीच्या रस्त्यावर आपण दिवसभर याच आरपीएमच्या आसपास असतो. म्हणजे समोरचा ट्रक मागे टाकायचा असेल तर नव्या गाडीत नुसता पाय दाबायचा, जुनीत आधी दोन गिअर खाली यायचं.

मग टर्बोच घ्यावी? रोजच्या सोयीसाठी, हो. पण जुन्या इंजिनाला सहा हजारांवर ओढताना जो सूर लागतो, त्याची भूल पडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नाही. तुमच्या वाटेवर रोज दहा-पंधरा किलोमीटर मोकळा रस्ता असेल तर बिनटर्बो गाडी चालवून बघा. गर्दीच गर्दी असेल तर त्या नादाला लागू नका.

चौथी पायरी: टायर आणि सस्पेन्शन

खरेदी बहुतेकांची इथेच चुकते, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

टायरच्या बाजूला आकडे असतात. समजा १९५/४५ आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. १९५चे ४५ टक्के म्हणजे ८८ मिलिमीटर. आता त्याच आकाराच्या साध्या गाडीला असतो तो टायर घ्या: १७५/६५ आर १५. त्याची भिंत ११४ मिलिमीटर. गंमत अशी की दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, ६०८ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक तेवढंच राहिलं, पण रिम आणि खड्डा यांच्यामधली हवा-रबराची गादी २६ मिलिमीटरने पातळ झाली.

ही गादी आहे तोवर खड्ड्याचा दणका टायर सोसतो. ती पातळ झाली की तोच दणका रिमला, रिमकडून सस्पेन्शनला आणि तिथून तुमच्या मणक्याला. उलट बाजूने, भिंत कमी असल्याने स्टिअरिंग फिरवल्यावर टायर लचकत नाही आणि गाडी लगेच वळते. स्पोर्टीपणाचा मोठा हिस्सा इथूनच येतो. तेव्हा दोन्ही हवं असेल तर कुठेतरी तडजोड करावी लागते.

माझा अनुभव सांगतो. पावसाळ्यातली रात्र, पाण्याने भरलेला खड्डा, वेग चाळीसच्या आत, आणि गाडीला दुकानदाराच्या आग्रहाने घातलेले ४० प्रोफाइलचे, म्हणजे वरचा दुसरा आकडा ४० असलेले टायर. 'धाड्' असा आवाज आला तेव्हाच कळलं. उतरून बघितलं तर रिमची आतली कड वाकलेली आणि टायरच्या भिंतीला बोटभर चीर. डिकीत पंक्चरची बाटली होती. पण तो द्रव फक्त खिळ्याएवढं भोक बुजवतो, तेही टायर रस्त्याला टेकतो त्या भागातलं. फाटलेल्या भिंतीपुढे त्याचा काही उपयोग नाही. अडीच तास गाडीत बसून टो करणाऱ्याची वाट पाहिली. त्यानंतर मी प्रत्येक गाडीच्या डिकीची पाटी उचलून बघतो.

म्हणून रस्ते खराब असतील तर एक इंच लहान रिम असलेलं मॉडेल मागा. बऱ्याच गाड्यांत तो पर्याय असतो आणि तो बहुधा स्वस्त पडतो. फक्त एक बघा: ताकदवान गाडीच्या ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर मोठे असतात, त्यांच्यावर लहान रिम बसेलच असं नाही. कंपनीच्या पुस्तिकेत मान्य टायरांची मापं दिलेली असतात, त्याबाहेर जाऊ नका. स्टेपनी नसेल तर ती किंवा अरुंद आपत्कालीन चाक वेगळं मिळतं का, आणि डिकीत त्याला खाच आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा.

सस्पेन्शनचं नुसतं 'कडक' किंवा 'मऊ' असं वर्णन करून भागत नाही. दोन गाड्या सारख्याच कडक असतात, पण एक खड्ड्यावरून 'धप्' करून एकदाच जाते आणि शांत होते. दुसरी 'धप्-धप्-थरथर' करत राहते. पहिलीचे शॉकअप चांगले आहेत. नुसती स्प्रिंग कडक केलेली गाडी दुसरीसारखी वागते. डोकं डावी-उजवीकडे हलतंय का, यावर लक्ष ठेवा. अंतर लांबलं की थकवा त्या हलण्याने येतो.

पाचवी पायरी: गिअरबॉक्स

हे थोडक्यात. हलका क्लच आणि नेमकी जागा घेणारा मॅन्युअल गिअर असेल तर छोट्या स्पोर्टी गाडीची अर्धी मजा त्या काठीत असते. रोज तास-दीड तास कोंडीत जात असेल तर डाव्या गुडघ्याचा विचार करा आणि ऑटोमॅटिक घ्या.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा) सगळ्यात सहनशील. ड्युअल क्लच झटपट गिअर बदलतो, पण त्यातला 'ड्राय' आणि 'वेट' हा फरक विचारून घ्या. ड्राय क्लचला थंडाव्यासाठी तेल नसतं, त्यामुळे चढावर इंच-इंच सरकताना तो लवकर तापतो. वेट क्लच तेलात बुडालेला असतो, त्याला अशी गर्दी तुलनेने मानवते. एएमटीला, म्हणजे यंत्राने क्लच दाबणाऱ्या साध्या मॅन्युअलला, स्पोर्टी म्हणणं हे धाडसच आहे.

सहावी पायरी: टेस्ट ड्राइव्ह, तुमच्या वाटेवर

शोरूमचा ठरलेला रस्ता गुळगुळीत असतो, तो काही योगायोग नव्हे. तुमचा रस्ता मागा, किमान चाळीस मिनिटं मागा, आणि इंजिन आधीपासून गरम करून ठेवू नका असं फोनवरच सांगा. गाडी 'नॉर्मल' मोडवर ठेवा. स्पोर्ट मोड शेवटच्या पाच मिनिटांसाठी. त्यात ॲक्सिलरेटर जास्त संवेदनशील होतो आणि काही गाड्यांत स्पीकरमधून इंजिनाचा बनावट आवाजही सोडतात, त्यामुळे गाडी आहे त्यापेक्षा चपळ वाटते.

पहिली दहा मिनिटं खराब रस्ता आणि गतिरोधक. पुढचा बंपर किंवा पोट घासतं का, तेही चारजण बसलेले असताना. मग गर्दी. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला गाडी चालू द्या, पाय निम्मा दाबा आणि मनात मोजा. 'एक' म्हणेपर्यंत ओढ आली तर छान. 'दोन-तीन'पर्यंत काहीच नाही आणि मग एकदम लाथ बसल्यासारखी पळाली, तर तो टर्बो लॅग. मोकळ्या रस्त्यावर त्याची गंमत वाटते. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालताना वैताग येतो.

आता वळण. ओळखीचं, मोकळं, समोरचं सगळं दिसणारं वळण निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाने या, वळणाच्या आधी ब्रेक सोडा आणि स्टिअरिंग हळूच फिरवा. चांगली गाडी हाताबरोबर नाक वळवते. तुम्ही फिरवलं आणि ती वळली, मध्ये काही नाही. बरी गाडी आधी कलते, मग विचार करते, मग वळते. वळणाच्या मध्यावर पाय स्थिर ठेवा. स्टिअरिंगमधून बोटांना रस्त्याची खरखर कळते का? बाहेर पडताना हळूहळू पाय दाबा. नाक बाहेरच्या बाजूला पळायला लागलं तर ते अंडरस्टिअर. पुढच्या दोन चाकांनाच ओढायचंही आणि वळायचंही असल्याने थोडं होणारच. पण रोजच्या वेगातच ते दिसत असेल, तर टायर स्वस्तातले आहेत किंवा गाडीची घडण कच्ची आहे.

दोनशे पीएसच्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत आणखी एक तपासणी. सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय जोरात दाबला की स्टिअरिंग हातातून डावी-उजवीकडे खेचल्यासारखं होतं का? त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. अशा गाड्यांत काही वेळा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल असतो. आतलं चाक नुसतं घसरून फिरायला लागलं की तो ताकद बाहेरच्या, पकड असलेल्या चाकाकडे वळवतो. २०१८च्या फिएस्टा एसटीला तो पर्याय म्हणून मिळत असे. घाटातून चालवणाऱ्याला तो हवासा वाटेल. भाजी आणायला त्याची गरज नाही.

नवख्यांसाठी एक इशारा. वळणात वेग जास्त झाल्यासारखा वाटला की आपण घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडतो. त्या क्षणी गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि आखूड गाडीची शेपटी बाहेर यायला बघते. २०५ जीटीआय याबद्दल तर कुप्रसिद्धच होती. आताच्या गाड्यांत ईएससी ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून शेपटी सावरते. ती बंद करायचं बटण असतं. त्याला हात लावू नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

शेवटी काचा बंद करून ऐंशी-नव्वदला चालवा आणि मागे बसलेल्याशी नेहमीच्या आवाजात बोला. दोनदा 'काय?' असं आलं तर टायरचा आवाज किती आहे ते कळलं. परत येऊन उलटी पार्क करा. रुंद टायरांमुळे स्पोर्टी मॉडेलची चाकं साध्या मॉडेलपेक्षा कमी वळतात आणि यू-टर्नला एक जास्तीची खेप पडते. टर्निंग रेडियसचा आकडा दोन्ही मॉडेलांचा विचारा.

सातवी पायरी: घेतल्यानंतरचा खर्च, घेण्याआधी

विम्याचा आकडा त्या नेमक्या मॉडेलचा मागवा, 'साधारण तेवढाच येईल'वर जाऊ नका. त्या मापाच्या चार टायरांची किंमत विचारा. मऊ रबराचे स्पोर्टी टायर पकड छान देतात आणि तेवढेच लवकर झिजतात. पेट्रोल झाकणाच्या आत किमान किती ऑक्टेन (पेट्रोलचा दर्जा सांगणारा आकडा) लिहिलंय ते बघा आणि ते पेट्रोल तुमच्या रोजच्या पंपावर मिळतं का तेही.

आता ते छोट्या फेऱ्यांचं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनात थंड असताना थोडं पेट्रोल भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. दोन किलोमीटरवर बंद केलं की ते तसंच साठतं आणि ऑइल पातळ होत जातं. शिवाय अशा इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, त्यामुळे कालांतराने तिथे काजळी धरते. उपाय साधे आहेत: ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचं, बदलण्याची मुदत किलोमीटरवर न ढकलता महिन्यांवर पाळायची, आणि आठवड्यातून एकदा गाडीला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यायचं. स्पोर्टी गाडी घेतलेल्याला हे शेवटचं औषध कडू लागत नाही.

आठवी पायरी: सेकंडहँड घेत असाल तर

या प्रकारातल्या कित्येक चांगल्या गाड्या आता नव्या मिळतच नाहीत. फिएस्टाचं उत्पादन २०२३ साली थांबलं, आय२० एन युरोपच्या बाजारातून गेली. त्यामुळे शोध बऱ्याचदा वापरलेल्या गाडीपाशी येतो. आणि स्पोर्टी गाडी मऊ हाताने वापरलेली असण्याची शक्यता कमीच.

सगळ्यात आधी हे शोधा: गाडी कंपनीतून आली तशीच आहे का? बदललेला एअर फिल्टर, मोठा एक्झॉस्ट, खाली बसवलेली स्प्रिंग दिसली तर ईसीयूही (इंजिन चालवणारा संगणक) 'रिमॅप' झालेला, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याचा प्रोग्राम बदललेला असण्याची शक्यता धरा. विकताना मूळ पार्ट परत बसवणारेही असतात. मग बॉनेटखालचे बोल्ट बघा, पान्याने सोललेली डोकी लपत नाहीत. क्लच तपासायला मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पाय दाबा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच संपत आलाय. दुसऱ्या गिअरला पटकन खाली येताना खरखर झाली तर सिंक्रो (गिअर सहज बसवणारी कडी) गेलाय. थंड इंजिन सुरू करताना मागे निळसर धूर येतो का, ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.

टायर पुष्कळ काही सांगून जातात. भिंतीवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, चांगल्या प्रतीचे असतील तर मालकाने खर्चात हात आखडला नाही असं समजा. पुढचे दोन एक, मागचे दोन भलत्याच नावाचे, आणि आतली कड जास्त झिजलेली, तर वाकलेल्या सस्पेन्शनचा संशय घ्या. ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर नखाने चाचपा, उंच ओठ लागला तर डिस्क झिजलेली आहे. मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालंय, असं असेल तर मीटरपेक्षा पेडलवर विश्वास ठेवा.

आणि विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: गाडी सुरू केल्यावर तुम्ही लगेच पळवता की थोडं थांबता? ज्याला टर्बोची कदर आहे तो ऑइल गरम होईपर्यंत कसा हळू चालवतो, हे न विचारता पाच मिनिटं सांगत बसतो. अशा माणसाची गाडी थोडी महाग पडली तरी चालेल.

विजेवर चालणारी चालेल का?

चालेल, आणि पन्नासच्या वेगातली मजा तिच्यात भरपूर मिळते, कारण टॉर्क शून्य आरपीएमपासून हजर असतो. अल्पीन ए२९० हे उदाहरण: ५२ किलोवॅट-तासांची बॅटरी, १८० किंवा २२० पीएस. पण वजन दीड टनाच्या आसपास. हलकेपणाबद्दल वर जे लिहिलं ते इथे उलटं लागू होतं. बॅटरी तळाशी असल्याने गाडी कलत नाही, मात्र खड्ड्यात वजन जाणवतं आणि टायर लवकर झिजतात. घरी किंवा कामाच्या जागी चार्जिंग असेल तरच हिच्याकडे बघा.

गाडी घरी आल्यावर

नव्या गाडीचे पहिले हजार-दीड हजार किलोमीटर पूर्ण पाय दाबू नका आणि एकाच वेगात तासन् तासही चालवू नका. आरपीएम वरखाली होऊ द्या. नव्या टायरांच्या पृष्ठभागावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड कमी वाटेल, त्यात पाऊस असेल तर आणखीच. ब्रेकही तेवढ्यात नीट रुळतात.

टायरमधली हवा गाडी थंड असताना, सकाळी, दर पंधरा दिवसांनी बघा. पातळ भिंतीच्या टायरमध्ये हवा कमी झालेली डोळ्यांना दिसत नाही, खड्ड्यात गेल्यावर कळते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोल झाकणाच्या आत दोन आकडे असतात, दोन माणसांचा आणि भरल्या गाडीचा. पंपावरचा मुलगा सगळ्या गाड्यांत एकच आकडा भरतो. त्याला तुमचा आकडा सांगा आणि भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने पुन्हा मोजा.